नीवेसला कोणी ओरडेना

नीवेस लग्न करून तुरीनला गेली, तेव्हा आमच्या गल्लीला वाटलं होतं, वर्षभरात कंटाळून परत येईल. ती येत राहिली, पण सणासुदीला, बॅग घेऊन. तिची आई गेल्यावर तेही थांबलं. या वसंतात एकदम तिचा फोन.

"अल्बा, मी येतेय. बरोबर मिरेल्ला आहे, आमच्या ऑफिसातली. तिला व्हेनिस दाखवायचंय."

"दाखव की. गाव आहे तिथंच आहे. थोडं बुडालंय, एवढंच."

"तू पण चल."

"मी कशाला?"

"चल म्हटलं ना!"

कशाला, ते स्टेशनाबाहेरच कळलं. इतकी वर्षं नीवेसनं तुरीनमध्ये एकच टेंभा मिरवला होता, मी व्हेनिसची. कोणी पाण्याचं नाव काढलं, माशाचं काढलं, की ही मध्ये तोंड घालणार, "ते आम्हाला विचारा." आता मिरेल्ला खातरजमा करायला आली होती. बाई मनानं चांगली, जिभेनं खवट.

"नकाशा नको?" तिनं विचारलं.

"नकाशा पाहुण्यांना," म्हणत नीवेस ठसक्यात आम्हाला एका गल्लीत घेऊन गेली. गल्लीच्या टोकाला नुसतं पाणी.

"इथं पूर्वी पूल होता का गं?" मिरेल्लानं विचारलं.

"पूर्वी इथं पाणी एवढं पुढं नव्हतं," नीवेस म्हणाली. मी गप्प बसले. मैत्रीत एवढं करावं लागतं.

मग आम्ही एका जुन्या गुत्त्यात शिरलो. आमच्याकडे वाइनच्या लहान पेल्याला सावली म्हणतात. का, ते प्रत्येक म्हातारा वेगळं सांगतो. नीवेसनं काउंटरवर हात टेकला आणि आमच्या बोलीत म्हणाली, "तीन सावल्या दे गं." शब्द आमचेच होते, पण चाल तुरीनची. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून फोटोंचा मेन्यू पुढं सरकवला. "इंग्लिशमध्येही आहे, सिन्योरा." आणि लगेच माझ्याकडे वळून, "सिओरा अल्बा, कोपर काढ, वाट अडलीय."

"तुझ्याशी किती उर्मट बोलली!" मिरेल्ला मला म्हणाली.

नीवेस वाइन औषधासारखी प्यायली. मिरेल्लाला काय सांगायचं? सिन्योरा परक्यांना, सिओरा घरच्यांना. गोड बोलणं हे आमच्याकडे पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेलं असतं. आपल्या माणसावर ते कोण वाया घालवणार?

मग नीवेसनं चंगच बांधला, ओरडा खाल्ल्याशिवाय जायचं नाही. सान मार्कोच्या चौकात मिरेल्ला वर घुमट बघत होती, तेव्हा ही मुद्दाम वाटेत मधोमध उभी राहिली. हातगाडीवाल्यानं गाडीच बाजूनं वळवली. "माफ करा, सिन्योरा." पुलाशी भाजीची होडी लागली होती, तिथं तिनं आर्टिचोक एकेक दाबून पाहिले. मी दाबले असते तर त्यानं माझी बोटं मोडली असती. भाजीवाला म्हणाला, "खुशाल, सिन्योरा. हातात घेऊन फोटो काढू का?"

"किती प्रेमळ लोक गं तुमचे," मिरेल्ला म्हणाली. नीवेसचा चेहरा पाहवेना.

सान्ता सोफियाच्या घाटावर आम्ही मोठा कालवा ओलांडायला थांबलो. तिथली गोंडोला फिरवत नाही, नुसती पलीकडे सोडते. गावचे लोक उभे राहून जातात, पाहुणे बसतात. मागचा वल्हेवाला आमच्याच वयाचा, लालबुंद गडी. त्यानं मिरेल्लाला हात दिला. "सावकाश, सिन्योरा. बसा." नीवेसलाही तेच म्हणाला आणि होडी ढकलायला वळला.

नीवेस बसली नाही. माझ्यासारखी मधे उभीही राहिली नाही. सरळ मागं गेली आणि त्याच्या पायाशी, एक पाय किंचित तिरका टाकून उभी राहिली. तिचा बाप भाजीची होडी चालवायचा. लहानपणी ती त्याच्या पायाशी अशीच उभी असायची. पायांना आठवलं, तिला विचारलंही नाही.

वल्हेवाला वळला आणि वल्ह्याची मूठ हिच्या कमरेवर आदळली.

"ओ सिओरा! डोळे घरी ठेवून आलीस? वल्हं मारू कुठं, तुझ्या ढुंगणावर?"

होडीतले सगळे वळून बघू लागले. मिरेल्ला पांढरीफटक.

"ढुंगणाचं राहू दे, आधी वल्हं धरायला शिक!" नीवेस कडाडली, आणि आता चाल आमची होती. "माझा बाप आर्टिचोकनं भरलेली होडी शीळ घालत न्यायचा. तू चार बाया नेतोस, तर घाम बघ!"

"बाप न्यायचा ना? तू नाही! सरक पुढं! इथं होडीवाल्यांची पोरं उभी राहतात, म्हाताऱ्या नाहीत."

"म्हातारी कोणाला म्हणतोस रे, टकल्या?"

मोठ्या बोटीची लाट आली. मिरेल्ला किंचाळली, मी समोरच्याचा खांदा धरला. नीवेसनं फक्त गुडघे जरा वाकवले आणि भांडण चालू ठेवलं. एव्हाना ते नगरपालिकेवर पोचलं होतं, आणि तिथं दोघांचं एकमत होतं, तरी आवाज कमी होईना.

"अल्बा, हा तिचा अपमान करतोय," मिरेल्ला माझा स्कर्ट ओढत कुजबुजली. "तक्रार करू या का?"

"खबरदार," मी म्हटलं. "तिचा सत्कार चाललाय."

पलीकडच्या घाटावर त्यानं मिरेल्लाला अलगद उतरवलं. नीवेसला हात दिला नाही. "उतर आता, की बँड बोलावू?"

ती एका पावलात ओल्या पायरीवर उतरली. झगा झटकला, मान वर केली.

"ऐकलंस ना?" ती मिरेल्लाला म्हणाली. "सिओरा म्हणाला."

"म्हातारी पण म्हणाला."

"ते तर म्हणालाच," नीवेस म्हणाली, आणि मासळीबाजाराच्या गर्दीत अशी पुढं चालू लागली, की तिला गाठायला आम्हा दोघींना पळावं लागलं.