मागच्या खोलीतला हीटर

मी मागच्या खोलीतला हीटर बोलतोय. जवळ बसा, शॉक बसायचा नाही. माझी वायर कालच कापून घेतली. सध्या गॅलरीत मोडक्या छत्रीला टेकून भंगारवाल्याची वाट बघतोय.

आम्ही चौघं भावंडं या घरात एकाच दिवशी आलो. आणलं ते आजोबांनी. तेव्हा ते आजोबा नव्हते, नुकतेच बाप झाले होते. बाळ अपुऱ्या दिवसांचं, पसाभर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, याला गारठा लागू देऊ नका. मग खोलीगणिक एकेक असे आम्ही भिंतींवर चढलो. मी बाळाच्या खोलीत. बाळाची आई दुपटं माझ्यापुढे धरायची, स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मगच त्याला गुंडाळायची. देवापुढे दिवा लावून आली की मलाही हात जोडायची. मला अगदी अवघडल्यासारखं व्हायचं. पण तेव्हापासून मी एक नेम धरला: बटण दाबलं की तापायचं. कुरकुर नाही, खाडा नाही.

बाळ वाढलं. त्याचे ओले मोजे माझ्या जाळीवर वाळले, परीक्षेच्या पहाटे मी त्याच्या पायांशी जागलो. मग त्याचं लग्न झालं, तो पुढच्या मोठ्या खोलीत गेला. त्याची आई देवाघरी गेली आणि आजोबा आपली खुर्ची घेऊन माझ्याकडे राहायला आले. तोवर माझ्या दोन कॉइलींपैकी एक जळाली होती आणि त्यांच्या दोन गुडघ्यांपैकी एक कामातून गेला होता. आमचं बरं जमलं.

यंदा थंडी लवकर आली आणि घरात आमचाच विषय. सूनबाईंचं म्हणणं, जुन्या हीटरना जळका वास येतो, मला धास्ती वाटते, बदलून टाकू. मुलगा म्हणायचा, आणखी एक थंडी काढतील की. त्यांचं बरेच दिवस हो-नाही चाललं. शेवटी विजेचं बिल आलं आणि मुलगाच वायरमनला घेऊन आला. सगळ्या खोल्या बघत दोघं माझ्यापाशी पोचले. मुलगा कमरेवर हात ठेवून मला न्याहाळत म्हणाला, "हे म्हणजे खायला काळ आणि भुईला भार."

खुर्चीतून आजोबा म्हणाले, "हीटरबद्दल बोलतोयस ना रे?"

सगळे हसले. आजोबाही हसले. पण स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले हात त्यांनी बाहेर काढले नाहीत.

वायरमनने विचारलं, इथेही नवाच लावायचा ना? मुलगा वळला.

"बाबा, तुम्हाला हवाय का नवा?"

"नको. माझं चाललंय."

आता या घराची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. इथे पहिलं 'नको' कुणी खरं धरत नसे. जेवताना वाढायचं असो, नवं कापड घ्यायचं असो, माणसाने आधी नको म्हणायचं, समोरच्याने पुन्हा विचारायचं, त्याने मान हलवायची आणि तिसऱ्यांदा न विचारता पुढ्यात ठेवायचं. आजोबांची सगळी हौस त्यांच्या बायकोने अशीच पुरवली. त्याही दिवशी ते मुलाकडे बघत राहिले. दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होते. मुलगा वायरमनला म्हणाला, "चला, एक कमी झाला."

तीन नवे हीटर आले. पांढरेशुभ्र, बिनआवाजी. माझी तिन्ही भावंडं उतरवून माळ्यावर टाकली. पुढच्या खोल्यांत माणसं एका सदऱ्यावर वावरू लागली आणि मागे आजोबा घरातल्या घरात कोट घालून बसू लागले.

सूनबाई एकदा चहा द्यायला आल्या आणि दारातच शहारल्या. बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, बाबांकडेही लावून घ्यायला हवा होता. त्यावर त्याचं उत्तर मी भिंतीवरून ऐकलं. "अगं, त्यांनाच नकोय. विचारलं ना मी."

देवाला साक्षी ठेवून सांगतो, त्याच्या आवाजात कपट नव्हतं. खरंच त्याला वाटत होतं की त्याने विचारलं.

मी खूप विचार केला. मी तापतोय तोवर इथे नवा येणार नाही. म्हणजे आजोबांच्या वाट्याच्या उबेला मीच आडवा आलोय. एका दुपारी त्यांनी बटण दाबलं आणि मी इतक्या वर्षांचा नेम मोडला. गार राहिलो. त्यांनी पुन्हा दाबलं, वायर हलवली, माझ्या जाळीवर तळहात ठेवला. मग हळूच म्हणाले, "सुटलास रे बाबा."

मला वाटलं, आता तरी मुलगा दुकानात जाईल. तो माळ्यावर चढला. दिवाणखान्यातला माझा भाऊ त्याने खाली काढला, फडक्याने पुसला आणि माझ्या जागी टांगला. "घ्या बाबा, याच्या दोन्ही कॉइली शाबूत आहेत," असं म्हणाला. आपण काही चांगलं केल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. आजोबाही म्हणाले, बरं झालं, उगाच नवा कशाला. मुलगा गेला. दार लागलं.

आजोबा उठले आणि त्यांनी भावाचं बटण बंद केलं.

काल त्यांनी ते केलं, आज सकाळीही केलं. गॅलरीच्या दाराच्या काचेतून मला त्यांची खोली दिसते. बाहेर पावलं वाजली की लावतात, पावलं लांब गेली की बंद करतात. 'खायला काळ' मला म्हटलं होतं, पण ते शब्द त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतले. माझा भाऊ चांगला आहे. पण बटण दाबल्याशिवाय तापायला आम्हाला येत नाही. तीन नवे हीटरही त्या खोलीत बसवले तरी ते गारच राहतील.

खाली भंगारवाल्याची हाक ऐकू येतेय. जाताना मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. तुमच्या घरात मागे एखादी खोली असेल आणि तिथे कुणी खुर्चीत बसलेलं असेल, तर तिथे जा. काही विचारू नका. त्यांचा हात हातात घ्या आणि गार लागला, तर तिथेच थोडा वेळ बसा.