अर्ध्यात तोडलेलं वाक्य

मी तालमीतला टीव्ही बोलतोय. बोलणं हा माझा धंदाच. पण आजवर दुसऱ्यांचं बोलणं तेवढं लोकांपर्यंत पोचवलं. स्वतःचं असं हे पहिलंच, आणि तेही मान खाली घालून. भिंतीवर ठोकताना मिस्त्रीनं मला जरा खाली झुकवूनच बसवलंय, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तिथलं काही आठवत नाही. डोळे उघडले ते सांगलीच्या एका दुकानात, आणि तिथून मला उचललं नानासोंनी. नानासो फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांचं गाव कुंडलपासून हाकेच्या अंतरावर. गावाला ऊस कळतो आणि कुस्ती कळते. तिसरं काही कळून घ्यायची गरज आजवर कुणाला वाटलेली नाही. पोरांनी परदेशातल्या कुस्त्या बघाव्यात म्हणून नानासोंनी मला तालमीला देऊन टाकलं. मारुतीच्या तसबिरीशेजारी मला जागा मिळाली. शनिवारी देवाला तेल वाहताना एखादा थेंब माझ्याही कडेला लागायचा, आणि मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

परदेशातल्या कुस्त्या राहिल्या बाजूला, माझ्यावर चालायचं क्रिकेट आणि निवडणुकीचे निकाल. रिमोट पहिल्याच वर्षी हरवला. मग भिंतीवरचं बटण मोडलं. तेव्हापासून मला बंद करायचं म्हणजे सरळ वायर उपटायची. पैलवान माणसं, त्यांना उपटायला काय लागतं.

तालमीचे वस्ताद केरबा. कान मोडलेले, बोलणं कमी, आणि कौतुक तर शून्य. पोरगं जिंकून आलं तरी ते एकच चूक सांगायचे आणि पाठ फिरवायचे. ती चूक ऐकली की पोरगं खूश. वस्तादांनी कुस्ती नीट बघितली एवढं त्यातून कळायचं. त्यांची मुलगी राजनंदिनी नऊ वर्षांची असल्यापासून याच मातीत घुमली. पोरीला आखाड्यात उतरवलं म्हणून गाव दोन-तीन वर्षं कुजबुजलं. केरबांनी ते ऐकलंच नाही. ते पोरीला एवढंच सांगायचे, "नंदे, पट काढताना मान खाली जातीया." पट म्हणजे वाकून समोरच्याचा पाय ओढायचा डाव. हे वाक्य मी हजारदा ऐकलंय.

राजनंदिनी आशियाई स्पर्धेला निवडली गेली. जायच्या आधी ती तालमीत आली, मातीला हात लावला आणि वडिलांना म्हणाली, "आबा, टीव्हीवर बघणार न्हवं? बघायचं आन् चूक सांगायची. तुमी चूक सांगितल्याबिगर मला कुस्ती झाल्यागत वाटतच न्हाई."

"बघतो की," केरबा म्हणाले.

म्हणजे बघायचं त्यांनी आणि दाखवायचं मी, असा तो आमचा दोघांचा शब्द होता.

कुस्तीच्या दिवशी सकाळी तालीम भरून गेली. लोकांनी उसाची तोड थांबवली होती. मला झेंडूचा हार घातला, दारात हलगी वाजत होती. नंदिनीची आई विजयमालाबाई बायकांत मागं उभ्या होत्या. त्यांना धड दिसत नव्हतं, पण पुढं ये असं कुणी म्हणालं नाही, आणि त्याही आल्या नाहीत.

कुस्ती लागली. चाळीस सेकंदांत नंदिनीची पाठ लागली.

आमच्या भागात पाठ लागली की कुस्ती सुटली. हरलेला कपडे उचलतो आणि गर्दीच्या कडेनं निघून जातो, त्याला कुणी थांबवत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं हलगी आपोआप थांबली. "चाळीस सेकंद! एवढ्यासाठी तोड बंद ठेवली व्हय?" कुणीतरी म्हणालं. नानासो चपला शोधू लागले.

माझ्यातून समालोचक बोलतच होता. तो सांगत होता, भारताच्या मुलीचं आव्हान अजून संपलेलं नाही. तिला हरवणारी जर अंतिम फेरीत पोचली, तर...

केरबा उठले. कपाळाची शीर ताठ झाली होती.

"आवं, त्यो काय म्हणतोय ते तर ऐकू द्या की," मागून विजयमालाबाई म्हणाल्या.

"पाठ लागली. आता काय ऐकायचं?" केरबा म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ही माझी पोर न्हवं. मी असं शिकवलं न्हाई."

आणि त्यांनी वायर उपटली. तो "तर" माझ्या घशातच राहिला.

बंद पडलो तरी माझ्या काळ्या काचेत समोरचं दिसतं. तालीम रिकामी झालेली दिसली. केरबा एकटेच मातीच्या कडेला बसले होते, हनुवटी छातीला टेकलेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण वायरीशिवाय मी कसला बोलतोय.

इकडं हे असं, आणि तिकडं तिला हरवणारी खरंच अंतिम फेरीत गेली. मातीतल्या कुस्तीत नसतो, पण मॅटवरच्या कुस्तीत असा नियम आहे: मग हरलेलीला पुन्हा संधी मिळते. नंदिनीनं संध्याकाळी दोन कुस्त्या मारल्या आणि कांस्यपदक घेतलं. तिच्या गावात, तिच्या तालमीत मी काळाठिक्कर लटकत होतो. हार तेवढा गळ्यात होता.

बातमी आली ती नानासोंच्या पलटणीतल्या मित्राच्या फोननं. "सुभेदार, पेढे कवा?" तो विचारत होता. मग काय, तीच माणसं, तीच हलगी, वर गुलाल. कुणीतरी धावत येऊन मला जोडलं, तर माझ्यावर चहाची जाहिरात लागलेली.

तेवढ्यात केरबांच्या मोबाईलवर नंदिनीचा फोन आला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून नानासोंनी आवाज मोठा केला.

"आबा, बघितली न्हवं?"

केरबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. "बघितली की. लय भारी झाली कुस्ती."

पलीकडून ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र लाज वाटली. त्या खोटेपणाचा पुरावा मीच होतो, आणि गळ्यात हार घालून बसलो होतो.

आठ दिवसांनी ती आली. वेशीपासून मिरवणूक निघाली, पण ती मध्येच उतरून सरळ तालमीत आली. मातीला हात लावून तिनं विचारलं, "आबा, कुस्ती कशी झाली?"

"सांगितलं की. लय भा..."

"बारा वर्षांत तुमी एकदा बी भारी म्हटलं न्हाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "फोनवर म्हटलं, तवाच कळलं मला."

दारात माणसांची दाटी झाली होती. केरबांना ते नुसतं हसून टाळता आलं असतं. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"न्हाई बघितली. सकाळी पाठ लागली तवा वायर मीच उपटली. ही माझी पोर न्हवं म्हणालो. समद्यांच्या म्होरं म्हणालो."

कुणी कुणाकडं बघेना. नानासो म्हणाले, "आमी तरी कुठं बसलो? चपला आधी आमीच घातल्या."

नंदिनीनं आईचा हात धरून तिला पुढं आणलं, ऐन माझ्यासमोर बसवलं. मग आपला मोबाईल मला जोडला आणि पदकाची कुस्ती लावली.

सहा मिनिटांची कुस्ती. मी जीव ओतून दाखवली. माझ्या हातात तेवढंच होतं. ती आधी मागं पडली, मग शेवटच्या मिनिटात पट काढून वर आली. या वेळी कुणी उठलं नाही. समालोचकाचं शेवटचं वाक्य संपलं, तरीही कुणी उठलं नाही. विजयमालाबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि पुसता पुसता बघत होत्या.

केरबा खाली बघतच म्हणाले, "पट काढताना मान खाली गेली तुझी."

नंदिनी हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. वडिलांच्या हातातलं पागोटं तिनं घेतलं, त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

"तुमची बी खालीच हाय, आबा," ती म्हणाली. "वर करा."

आता भिंतीला नवं बटण आहे. ते विजयमालाबाईंनी बसवून घेतलं. वायर कुणी उपटत नाही, कुस्ती असली की पुढची जागा त्यांची. परवा मिस्त्री आला होता, मला सरळ करून देतो म्हणाला. केरबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खाली बसलेल्यांस्नी असाच दिसतोय."

म्हणून अजून झुकलेलाच आहे. तुमच्याही घरी माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला खुशाल बंद करा, त्याचं काही म्हणणं नाही. फक्त तुमचं माणूस हरलेलं दिसत असेल, तर हात वायरीकडं नेण्याआधी थोडं थांबा.