मामीनं भरलेले नांगे

सांगून गेली होती मी. एकदा नाही, पन्नासदा! "मामी, वावरात जे मोकळं दिसते ते मोकळंच राहू दे." अन् परीक्षा देऊन सक्करदऱ्याहून खाप्याले मामाच्या गावी येऊन पाहते तं काय, मक्याच्या दोन झाडांमधल्या हरेक मोकळ्या जागेत वीतभर नवं रोप उभं!

वावर प्रेमानंदमामाचं, पण त्यातला एक तुकडा या सीझनले माझा. माझी कृषीची एम.एस्सी. त्याच्यावरच अडली आहे. काही वाफे दाट पेरले, काही विरळ. युरिया सारखाच. दाटीत एकेका झाडाच्या वाट्याले नत्र कमी येते. लय विरळ ठेवलं तं झाड पोटभर खाते, पण उरलेलं पाण्यासोबत खाली चाललं जाते. मधलं बरोबर अंतर कोणतं, तेच पाहायचं होतं. कोपऱ्यातल्या वाफ्यांना युरिया मुळीच नाही. बाकी सगळं त्यांच्याशी ताडून पाहायचं. ते बिघडले तं पूर्ण साल वाया, अन् बाबा अजून एक साल शिकू देणार नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं आहे.

"मामी, हे काय करून ठेवलं वं?"

"नांगे भरले," मामी पदराले हात पुसत म्हणाली. "बी उगवलं नाही तं जागा भरा लागते ना! येणारे-जाणारे हासून राहिले होते, कॉलेजवालीले पेरता येत नाही म्हणून. मले नाही ऐकवलं."

"अवं, उगवलं नाही असं नाही! मोजून सोडलं होतं मी ते!"

"मंग मले काय माहीत, बाई? वावरात मोकळं म्हणजे नांगाच."

डोकं फिरलं माझं. ओरडू तरी कोणावर? दुखऱ्या कमरेनं वाकून वाकून भरलं होतं तिनं, अन् एकही रोप मेलं नव्हतं. एखादं तरी मरायचं!

शेवटी म्हटलं, रोपं लहान आहेत, फार नत्र खाल्लं नसेल. "उपटा लागते, मामी." जितं रोप उपटायचं म्हणून तिचं तोंड उतरलं, पण बसली बिचारी माझ्यासोबत. उन्हं कलेपर्यंत आम्ही सगळे विरळ वाफे मोकळे केले. वाचलं बाप्पा एकदाचं, असं म्हणत मी कंबर सरळ केली अन् कोपऱ्याकडे पाहिलं.

युरियाविना तिथला मका पिवळा पाहिजे होता. तो साऱ्या वावरात सगळ्यांत हिरवागार होता.

"मामी, त्या कोपऱ्यात..."

"ते तं पार पिवळे पडले होते वं! बाकीच्यांचं पोट भरलेलं अन् तेच उपाशी? मी युरियाच्या दोन ओंजळी जास्तच टाकल्या."

मी वावराच्या कडेच्या धुऱ्यावर बसली. डोळ्यांतलं पाणी थांबेचना. मामी घाईनं जवळ आली, मातीच्या हातानंच माझं डोकं पोटाशी धरलं.

"रडून काहून राहिली, पोरी? जगले ना सगळे."