निळ्या दाराबाहेरचे मालक

मित्रांनो, मी एक जुने लाकडी दार आहे आणि सध्या मला घर नाही. ज्या घराची राखण मी केली, त्याच्याच मागच्या भिंतीला मला तिरके टेकवून ठेवले आहे. पूर्वेचा वारा सुटला की समुद्राचे खारे तुषार माझ्या फळ्यांत शिरतात. मग मला माझी हकिगत कुणाला तरी सांगावीशी वाटते.

आल्मेरियाच्या किनाऱ्यावरच्या तोर्कासा या कोळ्यांच्या गावात माझा जन्म झाला. तेलेस्फोरो सुताराने पाइनच्या जाड फळ्या रंधून मला घडवले. दार न उघडता बाहेरच्याशी बोलता यावे म्हणून डोळ्यांच्या उंचीवर वीतभर झडप ठेवली आणि होडी रंगवून उरलेला निळा रंग मला दिला. एका कोळ्याच्या घराला मी बसले. त्या घरात मला कडी होती, कुलूप नव्हते. उन्हाळ्यात तर मी दिवसभर उघडेच असे. येणारेजाणारे माझ्यावर थाप मारून म्हणत, "दार असावं तर असं."

पुढे म्हातारा कोळी गेला, मग त्याची बायको गेली. मुले बार्सेलोनाला स्थायिक झाली होती. घर बंद पडले. माझ्या रंगाचे पोपडे निघाले, बिजागऱ्या गंजल्या, आणि माझ्याच खिळ्याला 'विकणे आहे' अशी पाटी लटकली. देशोदेशीचे लोक येत, अंगणातून समुद्र पाहून हरखत आणि निघून जात.

मग एके दिवशी फिदेल आणि लेओकादिया आले. उत्तरेकडच्या पालेन्सिया शहरात दोघांनी जन्मभर बेकरी चालवली होती. पिठाच्या भुकटीने फिदेलची छाती पार खराब झाली होती. डॉक्टरांनी सांगितले होते, थंडी सोडा, समुद्राकाठी राहा. आयुष्याची सगळी पुंजी ते या घरात घालणार होते, म्हणून फिदेल फार जपून पावले टाकत होता.

"समुद्र कुठं पळून जात नाही. आधी कागद," तो म्हणाला.

माझ्यासमोर उभे राहून त्याने सोबत आणलेल्या वकीलबाईंना भंडावून सोडले. किनाऱ्याची सरकारी हद्द कुठवर येते? घरावर जुने कर्ज आहे का? मागची खोली परवानगीने बांधली आहे ना? शेजारच्या गावात विनापरवाना घरांवर बुलडोझर फिरला होता, ते त्याने ऐकले होते.

वकीलबाई हसून म्हणाल्या, "एवढी चौकशी मी स्वतःचं घर घेतानाही केली नव्हती."

"मग तुमच्या घरी यायला जरा भीतीच वाटते," लेओकादिया म्हणाली.

कागद स्वच्छ निघाले. घर त्यांचे झाले. फिदेलने मला घासले, तेल पाजले, पुन्हा निळे केले. त्या दिवसांइतके सुख मला नंतर कधी मिळाले नाही. त्याने खिडक्यांना लोखंडी गज बसवले आणि मला एक जाडजूड कुलूप. चोर शिरला की वाजणाऱ्या भोंग्याचे यंत्र विकणारा माणूसही आला होता. फिदेलने त्याला वाटेला लावले. "चिमणी बसली तरी ते बोंबलणार, आणि आम्ही तिकडे पालेन्सियात बसून काय करणार?"

बेकरीचा कारभार पुतण्याच्या हाती नीट लागेपर्यंत एक हिवाळा त्यांना पालेन्सियातच काढायचा होता. निघताना लेओकादियाने समोरच्या घराकडे पाहिले. तिथे ओब्दुलिया नावाची कोळीण एकटी राहत असे.

"एक किल्ली तिच्याकडे ठेवू या का?"

"ओळख ना पाळख, आणि किल्ली?"

"मग ओळख करून घेऊ."

"पुढच्या खेपेला," फिदेल म्हणाला आणि त्याने मला दोनदा कुलूप घातले.

त्या हिवाळ्यात भर दुपारी एक माणूस आला. अंगात कामगाराचा निळा डगला, हातात हत्यारांची पेटी. शीळ घालत त्याने ड्रिल मशीन माझ्या कुलपात घातले. ओब्दुलिया मासळीची टोपली घेऊन समोरून गेली. त्याने तिला हसून नमस्कार केला, तिनेही केला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी गाव गोळा केला असता. पण दाराला आवाज असतो तो फक्त कुणी उघडले किंवा आपटले तरच. त्याने माझे कुलूप काढून नवे बसवले आणि शीळ घालत तो निघून गेला.

काही दिवसांनी तोच माणूस नेरेआ नावाच्या तरुण बाईला घेऊन आला. ती टोमॅटोच्या प्लॅस्टिकच्या मांडवांत मजुरी करत असे. कडेवर झोपलेली मुलगी होती. "मालक परदेशी आहेत, सगळं मीच बघतो," असे सांगून त्याने तिच्याकडून भाडे आणि अनामत घेतली, तिला एक करारपत्र आणि माझी नवी किल्ली दिली. त्यानंतर तो पुन्हा कुणाला दिसला नाही. नेरेआने मला आतून पुसले आणि माझ्या कडीला मुलीची टोपी अडकवली. तिचा काय दोष होता? माझ्या मालकांचा तरी काय होता?

वसंतात ईस्टरच्या आठवड्यात फिदेल आणि लेओकादिया आले. फिदेलने किल्ली घातली. ती फिरेना. त्याने काढून पुसली, पुन्हा घातली.

"खाऱ्या हवेनं गंजलं असेल," तो म्हणाला.

तेवढ्यात माझी झडप उघडली. "कोण हवंय?" नेरेआने विचारले.

"आम्ही... हे आमचं घर आहे," लेओकादिया म्हणाली.

"मी भाडं भरलंय," नेरेआ म्हणाली आणि तिने झडप लावून घेतली.

गार्डिया सिव्हिल या पोलीस दलाचा माणूस आला. त्याने फिदेलचे कागद पाहिले, झडपेतून नेरेआचे करारपत्र पाहिले, आणि टोपी काढून घाम पुसला.

"आजोबा, घर तुमचं आहे, मान्य. तिला कुणीतरी फसवलंय, तेही दिसतंय. पण आत बाई राहतेय, लेकरू आहे. न्यायाधीशाचा हुकूम असल्याशिवाय मी दाराला हात लावू शकत नाही."

"आणि मी लावला तर?"

"तर मला तुम्हालाच घेऊन जावं लागेल."

फिदेलला धाप लागली. लेओकादियाने झडपेवर टकटक केले. "पोरी, आतली एक खुर्ची तेवढी दे. त्याला उभं राहवत नाही."

झडप बोटभर उघडली. मग नेरेआ म्हणाली, "दार उघडलं की तुम्ही आत घुसाल."

"नाही घुसणार."

"सगळे असंच म्हणतात, आजी."

तरीही तिने मला उघडले. खुर्ची बाहेर सरकवली, आणि त्याच क्षणी फिदेलने आपले पाऊल उंबऱ्यावर ठेवले. आता मला लावता येत नव्हते. पोलीस दुसरीकडे पाहू लागला. मला वाटले, ये, आत ये, तुझेच आहे. पण नेरेआच्या पायाला बिलगून तिची मुलगी उभी होती. ती फिदेलच्या बुटाकडे पाहून रडू लागली. फिदेलने तिच्याकडे पाहिले आणि पाऊल मागे घेतले. मी बंद झाले. आपल्याच घरासमोर, गल्लीत, आपल्याच खुर्चीवर तो बसून राहिला.

समोरून ओब्दुलिया पाण्याचा पेला घेऊन आली. "तो कुलूपवाला मी पाहिला होता हो. मला वाटलं, तुम्हीच धाडलाय. आणि ही तुमची सून असेल."

"विचारायचं तरी होतंत," लेओकादिया म्हणाली.

"कुणाला विचारू, बाई? तुमचं नावसुद्धा मला आज कळतंय."

त्या रात्री ती दोघे ओब्दुलियाकडेच झोपली आणि उन्हाळाभर तिथेच राहिली. खटला सुरू झाला आणि रेंगाळला. कुणी सल्ला दिला, वीज तोडा, पाणी तोडा. वकीलबाई म्हणाल्या, तसे केले तर गुन्हा तुमच्यावर येईल. लेओकादिया रोज माझ्यापाशी येई. पहिल्यांदा ती भांडली. मग दोघी झडपेतून बोलू लागल्या.

"दुसरी खोली बघितलीस का?"

"बघते, आजी. लेकरू पाहिलं की नाही म्हणतात. आणि साठवलेलं सगळं त्यानंच नेलं."

"आमचंही सगळं इथंच आहे गं," लेओकादिया म्हणाली. दोघींच्या मध्ये मी होते आणि मला कुणाच्याच बाजूने उघडता येत नव्हते.

दुसऱ्याच्या घरी किती दिवस राहणार, म्हणून शरद ऋतू आला तशी ती दोघे पालेन्सियाला परतली. तिथल्या थंडीत फिदेलची छाती भरली. ज्या हवेसाठी त्याने घर घेतले, ती हवा त्याला मिळाली नाही. तो गेल्याची बातमी मला ओब्दुलियाच्या तोंडून कळली. ती नेरेआला झडपेतून सांगत होती. नेरेआ माझ्यामागे जमिनीवर बसली आणि बराच वेळ तिची पाठ मला टेकलेली होती.

न्यायालयाचा हुकूम नंतर आला. पोलिसांची वाट न पाहता नेरेआने घर झाडले, फरशी पुसली, किल्ली ओब्दुलियाकडे दिली आणि मुलीला घेऊन ती निघून गेली. कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही.

लेओकादिया एकटी आली. तिने मला उघडले, आत पाऊल टाकले आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन म्हणाली, "विकून टाकते."

नव्या मालकाने पोलादी दार आणले, त्यावर कॅमेरा बसवला. मला बिजागऱ्यांतून उचकटून इथे आणून ठेवले. तो वर्षातून एकदा येतो. ओब्दुलियाने त्याला एकदा हाक मारली होती. त्याने हात हलवला आणि आत गेला.

मित्रांनो, घर घ्याल तेव्हा कागद जरूर तपासा, कुलूपही चांगले घ्या. पण दारावर फार विसंबू नका. आम्हाला बिचाऱ्यांना ज्याच्या हाती किल्ली त्याचे ऐकावे लागते. पाऊस लागण्याआधी आपल्या दाराला तेल पाजा. आणि समोरच्या घरात कोण राहते हे ठाऊक नसेल, तर आजच, जेवायला बसण्याआधी, जाऊन विचारून या.