पट्टा बांधण्याआधी

"दिसलं! पाचही ओळी दिसल्या!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. खुर्चीतले निवृत्त बसचालक काका फळ्यावरचा मजकूर धडाधड वाचत होते. दोन मिनिटांपूर्वी त्यांना त्यातलं एक अक्षरही लागत नव्हतं. जड पापण्या पार बुबुळांवर उतरल्या होत्या. मग पापणीबाबांनी फुंकर मारली, कपाळावरचा रुंद पट्टा सोडला, आणि डोळे टक्क उघडे!

"पट्टा तुमचं ओझं दाखवतो," बाबा माइकवर गरजले, "माझा हात ते उतरवतो! पण डोळ्याला सुरी लावलीत, की डोक्यावरचा माझा हात निघाला!"

रांगेत पुढचाच नंबर रफूवालीचा होता. शेजारी नणंद, हात जोडलेले.

"बघ वहिनी! आणि तू निघालीस डोळे कापून घ्यायला!"

थांबा. रफूत चुकीचा धागा ओढला गेला, की पुढे टाके घालत नाहीत. मागे उसवतात. आपणही उसवू.

सोमवार. दुकानमालकाने काळा कोट तिच्यापुढे टाकला. "बाई, तुमचं रफू दिसायला लागलंय." सव्वीस वर्षांत हे वाक्य तिला कोणी ऐकवलं नव्हतं. वर्षभर ती मान मागे टाकून, भुवया ताणून टाके घालत होती. दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. आता काळ्यावर काळा धागाही दिसेना. असा आणखी एक कोट परत आला असता, तर काम गेलंच होतं.

मंगळवार. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या भुवयांवर अंगठे दाबून धरले. "आता उघडा डोळे."

दुकानाचं शटर खाली पडावं, तसं जग बंद झालं. अंगठे निघाले, शटर वर.

"पापणी उचलणारा स्नायू सैल पडलाय. त्याचं काम तुमचं कपाळ करतंय. ऑपरेशनने पापणी उचलता येईल. पण डोळे काही दिवस कोरडे पडू शकतात, दोन्ही पापण्या हुबेहूब सारख्या होतीलच असंही नाही. विचार करून सांगा."

ती घाबरली. नणंदेने नेमकी तीच भीती हाताला धरून इथवर आणली.

उसवून झालं. अंगठे तेवढे लक्षात ठेवा.

"या ताई, बसा," बाबा पट्टा ताणत म्हणाले. रफूवालीने पाहिलं, पट्टा नेमका भुवयांवर येत होता. तिच्या कपाळाला मंगळवार आठवला. ती काकांकडे वळली.

"काका, पट्टा बांधायच्या आधी फळा वाचला होतात?"

"कोणी सांगितलंच नाही. आलो की थेट पट्टा."

"ताई, शंका आली की पापणी जड होते!" बाबा मध्येच म्हणाले.

"पापणी वर्षभर जड आहे, महाराज. शंका आजच आली."

कोणीतरी फिसकन हसलं. ती खुर्चीत बसली, मान मागे टाकली, भुवया ताणल्या आणि खणखणीत आवाजात पाचही ओळी वाचल्या.

"हं, आता बांधा."

बाबा पट्टा गुंडाळायला लागले. तिने पट्टा ओढून घेतला आणि स्वतःच आवळला. पापण्या खाली आल्या.

"आता एक अक्षर दिसत नाही." गाठ सोडली. "आता पाचही दिसतात. फुंकर कोणी मारली?"

"ही... ही माझीच शक्ती तुझ्यात उतरली!"

"मंगळवारी ती डॉक्टरीणबाईंच्या अंगठ्यांत होती. बरीच फिरते."

हशा उसळला. काका मात्र लालबुंद झाले. "म्हणजे माझीच नजर झाकली, माझीच मला परत दिली, आणि वर टाळ्या घेतल्या?"

"तुमच्या कपाळाची मेहनत आहे ती, काका. आजार आहे तिथेच आहे. यांच्या भरवशावर डॉक्टर सोडू नका."

नणंदेचे हात केव्हाच खाली आले होते. "मग तू... ऑपरेशन करणार?"

"भीती अजून आहे. म्हणून सात प्रश्न लिहून ठेवलेत. डॉक्टरीणबाईंना विचारणार, मग मी ठरवणार. त्यांना प्रश्न विचारले तर त्यांचा हात निघून जात नाही."

मग ती रांगेकडे वळली. "कोणी काही द्यायला आलं, तर आधी आपल्याकडे काय आहे ते तपासा. पट्टा नंतर. आधी फळा वाचा."

काका फळ्याशेजारी जाऊन उभे राहिले, भरलेल्या बसमध्ये गर्दी पुढे सरकवावी तसे.

"चला, एकेक जण पुढे! बिनपट्ट्याचे!"

रांग हलली.