भुरकेमामांची दाढ

सांगून कुणाला पटायचं नाही, आणि पटवत बसायला वेळ आहे कुणाला. पण भुरकेमामांच्या त्या दाढेला बंद खिडकीबाहेरचा वारा कळायचा. पलीकडच्या खोलीत कुणी थंड पाण्याचा ग्लास उचलला, की इकडे मामांचा डावा डोळा मिटायचा.

मामा चहाच्या वखारीत चाखणारे. ओळीनं मांडलेले कप, हातात चमचा, आणि भुरका असा की छपराचे पत्रे थरथरावेत. घोट टाळूवर फिरवून थुंकला, की मालाचं नशीब ठरलं. कांदा खाऊन आलेल्याला ते चाखायच्या खोलीत पाऊल टाकू देत नसत. अशा माणसानं दाढेत सिमेंट भरून घेतलं, आणि अर्धं तोंड बधिर असताना चावा तपासायचा निळा कागद चावून डॉक्टरला सांगितलं, बरोबर बसलंय. त्या खुर्चीतून सुटायची घाई, दुसरं काय! डॉक्टरनं बजावलं होतं, थोडे दिवस ठणकेल. पण चावताना कळ आली तर सिमेंट उंच राहिलं असं समजा आणि या, घासून देतो. ‘घासून’ म्हटल्यावर मामा कशाला परत जातात.

आता गरम घोट लागला की कळ थेट कानशिलात. जेवण म्हणजे एका गालाची कसरत, झोप म्हणजे उशीशी भांडण. माणूस पार पिळून निघाला. पण बोलायचं कुणापाशी? आधीच्या चाखणाऱ्याचं तोंड बिघडलंय म्हटल्यावर मालकानं त्याला साधा हारही न घालता घरी बसवलं होतं. मग मामांनी भुरका बंद केला आणि गोष्टी सुरू केल्या. कपावर नाक धरायचं, डोळे मिटायचे, द्यायचं ठोकून.

त्यांची भाची तिथंच पानं तोलून कप भरायची. हल्ली तुमचा आवाज ऐकू येत नाही, असं तिनं एकदा हटकलंही. मुरलेल्या माणसाला आवाज लागत नाही गं, म्हणत मामांनी ते उडवून लावलं.

त्या दिवशी मोठा माल आला. ओल लागलेलं पोतं नाकाला फसवतं, जिभेला नाही, हे मामांनीच भाचीला शिकवलेलं. मालक दाराशी उभा. मामांनी कपाकडे असं पाहिलं, जसं दमलेला माणूस आणखी एका जिन्याकडे पाहतो. मग नाक पुढं केलं.

“डोंगराच्या सावलीकडचा आहे,” ते म्हणाले. “तोडणाऱ्या बाईचं त्या सकाळी नवऱ्याशी वाजलं होतं. शेवटी किंचित तुरट लागतं ना, तो तिचा राग. बाकी माल फक्कड. घ्या बिनधास्त.”

मालक खूश होऊन वळला. भाचीनं हातातला तराजू खाली ठेवला.

“मालक, थांबा जरा. मामा, तुमचा चमचा कोरडा आहे.”