डुकरांचा फौजदार

माझा नवरा भित्रा होता असं मी म्हटलं, तर बोस्टनजवळच्या आमच्या मेनहॅम बंदरातलं शेंबडं पोरही मला वेड्यात काढील. कॅप्टन जोथम हॅस्किन्स! त्यांची दोन गलबतं खारवलेला कॉड मासा घेऊन वेस्ट इंडीजला जायची आणि काकवी भरून परत यायची. गावच्या पलटणीचे ते कप्तान, शिवाय नऊ वर्षं पहिले पंच. लुईबर्गच्या लढाईत फ्रेंचांच्या तोफांसमोर उभं राहून त्यांनी अर्धा कान गमावला होता. पण हाच माणूस डुकरांना भ्यायचा. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण त्या भीतीपायी त्यांनी मला पाच महिने विधवाच ठेवलं.

त्याचं असं आहे. मार्चच्या गावसभेत आम्ही पंच निवडतो, रस्त्यांचा कारभारी निवडतो आणि सगळ्यात शेवटी डुकरांचा फौजदार निवडतो. मोकाट डुकरं धरायची, नाकात कडी नसेल तर घालायची, गळ्यात कुंपणाला अडणारं जोखड नसेल तर मालकाला दंड करायचा, हे त्याचं काम. आणि हे पद हटकून त्याला द्यायचं, ज्याचं त्या वर्षात लग्न झालंय. नवी नवरी खिडकीत उभी आणि नवरदेव ढोपरभर चिखलात डुकरामागे, यासारखी करमणूक आमच्या गावात दुसरी नाही.

आता सभेचे अध्यक्ष कोण? कॅप्टन. दरवर्षी ते गंभीर चेहऱ्यानं उठायचे, नवरदेवाला मुजरा करायचे आणि म्हणायचे, "मित्रा, ज्यानं बायको आणायची हिंमत केली, त्याला डुक्कर ते काय?" लोक बाकांवरून खाली पडायचे. नऊ वर्षांत त्यांनी गावातला एकही नवरा सोडला नव्हता. झेनस पिपेवाला तर पार चिडून होता. त्याला डुकरिणीनं दोनदा ओढ्यात पाडलं होतं. तो म्हणायचा, "कॅप्टन, तुम्ही विधुर आहात. आमचीही वेळ येईल."

म्हणतात ना, आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

मी केझिया प्रॅट. माझा पहिला नवरा समुद्रानं नेला आणि धक्क्यावरची खाणावळ माझ्या गळ्यात पडली. सप्टेंबरात कॅप्टननी मला मागणी घातली. माझ्या हातचा कॉडचा रस्सा दोन वाडगे संपवल्यावर.

"लग्न करू, केझिया. पण मार्चपर्यंत बोलायचं नाही."

"का? मी काय चोरीचा माल आहे?"

"तसं नव्हे गं. मे महिन्यात बोस्टनच्या सभेवर गावचा प्रतिनिधी पाठवायचाय. ज्याला लोकांनी डुकरामागे धावताना पाहिलं, त्याला पाठवतील का? हा एक मार्च चुकला की झालं. पुढच्या मार्चपर्यंत वर्ष उलटून जाईल. मग मी कायद्यानं जुना नवरा!"

इथं लग्न करायचं तर प्रार्थनाघराच्या दारावर पंधरा दिवस आधी दोघांच्या नावांची चिठ्ठी लागते. म्हणून आम्ही गलबतानं न्यू हॅम्पशायरात गेलो. तिथं परवाना घेतला की चिठ्ठीबिठ्ठी काही लागत नाही. ऑक्टोबरात लग्न लागलं आणि दोन दिवसांनी मी पुन्हा 'प्रॅटबाई' होऊन टेबलं पुसायला लागले. आता म्हणाल, तू कशी कबूल झालीस? तर मला तो माणूस आवडायचा. त्रेचाळिसाव्या वर्षी आवडला म्हणून काही कमी आवडत नाही.

आता नवऱ्यानं बायकोला भेटावं कसं? कॅप्टननी तोड काढली. पंचांना खाणावळीची तपासणी करता येते. त्या हिवाळ्यात माझी सव्वीस वेळा तपासणी झाली. भर दुपारी, पलटणीचा कोट घालून, छडी हलवत कॅप्टन यायचे आणि चार माणसांत गरजायचे, "प्रॅटबाई, तुमचं तळघर बघायचंय!" तळघरात आम्ही पिपांवर बसून सफरचंदाचं सारण भरून भाजलेली पोळी खायचो. मांजर डोळे मिटून दूध पितं तशातली गत. लोक मला विचारायला लागले, "बाई, तुमच्या तळघरात आहे तरी काय?"

सुरुवातीला मलाही गंमत वाटली. पण फेब्रुवारीत बायका मला बघून बोलता बोलता थांबू लागल्या. प्रार्थनेला माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. मी कॅप्टनना म्हटलं, "माझी अब्रू जातेय. सांगून टाका."

"तीन आठवडे, केझिया. फक्त तीन आठवडे."

"फ्रेंचांपुढे उभे राहिलात ना हो?"

"फ्रेंच हसत नव्हते," ते म्हणाले.

सभेचा दिवस उजाडला. प्रार्थनाघरात शेगडी नाही, त्यामुळे मार्चची सभा माझ्याच खाणावळीत भरते. ऐंशी मतदार दाटीवाटीनं बसलेले, कॅप्टन अध्यक्षाच्या खुर्चीत. आम्हा बायकांना मतही नाही आणि तोंडही नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात तापलेली सळई बुडवून रम-बियरचे मग गरम करत उभी होते.

पंच निवडले गेले. रस्त्यांचा कारभारी झाला. तेवढ्यात डीकन एलनेथन बर्ज उठले. ते आमच्या प्रार्थनाघरातले वडीलधारे कारभारी, आणि त्यांच्या जावयाला कधीचीच खाणावळ काढायची होती.

"बंधूंनो, या घराचा परवाना काढून घ्यावा असं मी सुचवतो. या बाईची वागणूक बरी नाही. एक सज्जन पुरुष हिच्या तळघरात तास तास असतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्या सज्जनांना मी दोष देत नाही. ते आपलं कर्तव्य करायला जातात. भुरळ घालणारी ही आहे."

सगळे मान खाली घालून बसले. कोण सज्जन, हे सांगायची गरज नव्हती. डीकननी कॅप्टनना कशी छान पळवाट काढून दिली होती! नुसतं गप्प बसायचं. खाणावळ माझी जाणार, बदनामी माझी होणार आणि बोस्टनला ते जाणार. मी मनाशी ठरवलं, हा माणूस आता गप्प राहिला, तर कागदावर खुशाल माझा नवरा असू दे. माझ्या टेबलाशी पुन्हा बसणार नाही.

कॅप्टन उठले. चेहरा पांढराफटक.

"डीकन, तुमच्या सूचनेआधी एक पद भरायचं राहिलंय. डुकरांचा फौजदार."

"यंदा कुठला?" झेनस ओरडला. "गावात कोणाचं लग्नच झालं नाही!"

"झालंय. नवरदेव म्हातारा आहे, पण धावेल." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. उघडून, घडी करून, पुन्हा उघडून तो चिंधीसारखा मऊ झाला होता. "ऑक्टोबरची सात तारीख. जोथम हॅस्किन्स आणि केझिया प्रॅट. बाईची वागणूक चोख आहे, डीकन. वाईट वागलो तो मी. माझं नाव मीच सुचवतो. अनुमोदन?"

मग झेनस बाकावर चढला. "अनुमोदन! दहा वेळा अनुमोदन!" आणि मुजरा करून म्हणाला, "मित्रा, ज्यानं बायको आणायची हिंमत केली..." पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. ऐंशी हात वर गेले. छपराच्या तुळया हलल्या असतील इतकं लोक हसले. पलटणीतली माणसं डुकरासारखी गुरगुरायला लागली. बोस्टन तिथंच बुडालं, हे कॅप्टननाही कळलं आणि मलाही. डीकनची सूचना कोणी पुन्हा काढली नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राग आला तो वेगळाच. एवढं एक वाक्य बोलायला पाच महिने!

इतक्यात खिडकीजवळचा कोणीतरी ओरडला, "डीकनची डुकरीण रस्त्यावर! नाकात कडी नाही!"

कॅप्टननी छडी ठेवली, अस्तन्या वर सारल्या आणि गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बायको, दोरी दे."

"देते," मी म्हटलं. "पण आधी काय म्हणालात ते पुन्हा म्हणा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि कवायतीच्या मैदानावर ओरडतात तसे ओरडले, "बायको!"

मी दोरी दिली.